दंड, शिक्षा आणि न्याय : आपल्या धर्मभाषेतील काही शब्दांची परीक्षा

लालबर्रा हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. येथे शाळा, कचेरी व न्यायालय यांची भाषा हिंदी. घराची भाषा कोठे पोवारी, कोठे मराठी, कोठे गोंडी. आणि सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पसरलेल्या. १८६७ साली बालाघाट जिल्हा स्थापन झाला तेव्हा भंडारा जिल्ह्याचाही काही भाग त्यात घातला होता. पुढे हा जिल्हा नागपूर विभागात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शब्द मात्र अजूनही ह्या सीमेवरून ये-जा करतात, आणि ये-जा करताना पुष्कळदा त्यांचा अर्थ पालटतो.

येथील मुलांच्या धर्मशिक्षणवर्गात, पवित्र आठवड्यापूर्वी, आम्ही यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचा उतारा मराठीतून वाचीत होतो. आपल्याला शांती लाभावी म्हणून त्या सेवकाला जे सोसावे लागले त्यासाठी आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात 'शिक्षा' हा शब्द आहे. हिंदी शाळेत पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "येशूला शिक्षा कोणत्या शाळेत मिळाली?" मोठी मुले हसली. आम्हीही हसलो, आणि मराठीत शिक्षा म्हणजे हिंदीतील सजा, असे तिला समजावून पुढच्या वचनाकडे वळलो. मुलगी गप्प बसली. त्या रात्री हिब्रू पाठ उघडून पाहिला, तेव्हा मात्र चूक तिची कमी आणि आमची अधिक होती, असे आम्हांस वाटू लागले.

तिच्या प्रश्नाने ज्या शब्दांकडे पुन्हा पाहण्यास आम्हांस भाग पाडले, त्यांची परीक्षा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : कायदा, तंटा आणि दंड यांविषयीचे इंग्रजी शब्द, म्हणजे पनिशमेंट, पेनल्टी, जजमेंट, कन्व्हिक्शन इत्यादी, आपण धर्मविद्येच्या अभ्यासात आत्मसात करतो, आणि उपदेश करताना त्यांवर मराठी शब्दांची खोळ चढवतो. त्यामुळे शास्त्राचा मूळ अर्थ झाकला जातो, आणि मराठी शब्द श्रोत्याच्या कानी काय सांगतो याचेही भान आपणांस राहत नाही. परिणामी आपल्या मंडळीच्या मनात देव आधी दंडाधिकारी होतो आणि पिता मागाहून.

१. 'शिक्षा' : एका शब्दाची घसरण

संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे, शिकवण. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला 'शिक्षा' असेच नाव आहे. हिंदीने हा अर्थ जपला. मराठीत 'शिक्षण' आणि 'शिक्षक' हे शब्द विद्येच्या बाजूस राहिले आणि 'शिक्षा' मात्र तुरुंगाच्या बाजूस गेली. 'शासन' ह्या शब्दाचीही कथा अशीच आहे. 'शास्' ह्या धातूत शिकवणे, आज्ञा करणे आणि ताडन करणे हे तीनही अर्थ नांदतात. शास्त्र, शिष्य आणि अनुशासन हे शब्द त्याच कुळातील होत. मराठीत 'शासन' म्हणजे सरकार, आणि 'शासन करणे' म्हणजे दंड देणे. शिकवण्याचा अर्थ सामान्य बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

ही घसरण केवळ भाषेतील अपघात आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या समाजात शिकवणे आणि छडी मारणे यांत पिढ्यान्‌पिढ्या भेद केला गेला नाही, त्या समाजाच्या भाषेत 'शिकवण' देणारा शब्द 'मार' देणारा शब्द व्हावा हे स्वाभाविक आहे. 'चांगला धडा शिकवतो' असे आपण म्हणतो तेव्हा पुस्तकातील धडा कोणाच्या मनात असतो? 'अद्दल घडवणे' हा प्रयोगही पाहावा. अदालत ज्या अरबी कुळातील, त्याच कुळातील हा शब्द, आणि त्या कुळाचा मूळ अर्थ न्याय. आपल्याकडे येईपर्यंत न्यायाची अद्दल झाली.

आता मूळ वचनाकडे वळू. यशयाने तेथे 'मुसार' हा हिब्रू शब्द योजला आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात हा शब्द वारंवार येतो. बापाने मुलाला लावलेले वळण, बोध, आणि प्रसंगी कठोर ताडन, इतका त्याचा व्याप आहे. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी भाषांतरकारांनी तो ग्रीकमध्ये आणला तेव्हा यशयाच्या ह्या वचनात 'पाइदेइआ' हा शब्द घातला, आणि पाइदेइआ म्हणजे बालकाचे शिक्षण. नव्या करारात ह्याच शब्दाचे क्रियापद कोठे कोठे येते ते पाहण्यासारखे आहे. गमलियेलाच्या चरणांशी आपले शिक्षण झाले असे पौल सांगतो, तेथे हे क्रियापद आहे. देवाची कृपा आपणांस शिकवते असे तीताला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, तेथेही तेच आहे. आणि येशूला फटके मारवून सोडून देतो असे पिलात म्हणतो, तेथेही लूकने तेच क्रियापद वापरले आहे. गुरूची पाठशाळा, देवाची कृपा आणि रोमी सुभेदाराचा चाबूक, तिन्ही एकाच शब्दात आली आहेत.

म्हणजे त्या मुलीने शाळेविषयी केलेला प्रश्न अस्थानी नव्हता. मराठी 'शिक्षा' आणि हिंदी 'शिक्षा' हे दोन अर्थ एकत्र धरल्याशिवाय यशयाचा शब्द पूर्ण होत नाही. हिंदी भाषांतरकारांनी तेथे 'ताड़ना' हा शब्द घेतला, कारण त्यांच्या भाषेत 'शिक्षा' विद्येला वाहिलेली होती. मराठी भाषांतरकारांनी 'शिक्षा' घेतली, आणि शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ आले. पण वाचणाऱ्याच्या कानाला आज एकच ऐकू येतो. भाषांतर चुकले असे आम्ही म्हणत नाही. शब्द योग्य आहे; त्याचे विवरण करताना आपण अर्धाच शब्द उलगडतो, हा आमचा आक्षेप आहे.

२. 'दंड भरला' : उपदेशातील एका वाक्याची चिकित्सा

'येशूने आपला दंड भरला' हे वाक्य आपल्या व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जाते की ते शास्त्रवचनच आहे असा कित्येकांचा समज असतो. ह्या वाक्यामागे इंग्रजीतील 'पेनल्टी' हा शब्द उभा आहे. इंग्रजीत पेनल्टी 'पे' करतात, मग ती पैशाची असो वा प्राणाची. लॅटिनमधील 'पोएना' पासून हे कूळ निघाले. त्या शब्दात हानीबद्दल दिलेला मोबदला आणि सोसलेली यातना असे दोन्ही अर्थ होते. इंग्रजी श्रोत्याला ह्या दोहोंतील सांधा जाणवत नाही.

मराठी श्रोत्याला मात्र 'दंड भरणे' म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे. तिकीट नसताना रेल्वेत पकडले गेल्यास, विजेचे देयक थकल्यास किंवा गाडीचे कागद जवळ नसल्यास जे भरून पावती घेतात, तो दंड. संस्कृतात व कायद्याच्या हिंदीत दंड म्हणजे कोणतीही शिक्षा. मराठीत तो पैशाचा. ह्या दुहेरीपणाचा उत्तम नमुना म्हणजे जुन्या फौजदारी कायद्याची मराठी प्रत. तिच्या नावात 'दंड संहिता' आहे, म्हणजे दंड हा व्यापक अर्थाने. आत मात्र पनिशमेंटसाठी 'शिक्षा' हा शब्द आहे, आणि फाइनसाठी नुसता 'दंड' न म्हणता 'द्रव्यदंड' म्हटले आहे. मुखपृष्ठावर एक अर्थ आणि घरोघरी दुसरा, म्हणून अनुवादकांना 'द्रव्य' हे विशेषण जोडावे लागले. हिंदी प्रतीत ही अडचण नाही. तेथे शिक्षेला 'दंड' आणि पैशाच्या शिक्षेला 'जुर्माना'. कायद्याच्या अनुवादकांनी जी काळजी घेतली ती व्यासपीठावर आपण घेतो काय?

ह्या शब्दभेदाचे धर्मविद्येतील परिणाम लहान नाहीत. द्रव्यदंड कोणीही भरू शकतो. मित्राने मित्रासाठी भरला तरी कचेरीला हरकत नसते. तिला रक्कम मिळाल्याशी काम. म्हणून 'दंड भरला' असे ऐकणाऱ्याला क्रूसाचे गूढ फारच सोपे वाटते : कोठे तरी एक रक्कम येणे होती, ती चुकती झाली, पावती आपल्या हाती आली, आता आपले जीवन पूर्वीप्रमाणे चालू राहण्यास प्रत्यवाय नाही. 'शिक्षा भोगली' असे म्हटले तर चित्र एकदम उलटते. एकाची कैद दुसऱ्याने भोगावी हे कोणत्याही न्यायालयाला मान्य नाही. निर्दोषाने दोषीची शिक्षा भोगली तर त्याला आपण न्याय म्हणत नाही, अन्याय म्हणतो. म्हणजे एका शब्दाने क्रूस अति सुलभ होतो, आणि दुसऱ्याने अन्याय्य. इंग्रजी 'पेनल्टी' ह्या दोन्ही अडचणी एका पांघरुणाखाली घेते, आणि आपण त्या पांघरुणासकट ती मराठीत आणतो.

शास्त्रात तिसरा शब्द आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणूस तो रोज उच्चारतो : ऋण. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपले प्रचलित मराठी भाषांतर मूळ ग्रीकला धरून 'ऋण' म्हणते, तर हिंदी भाषांतर 'अपराध' म्हणते. ह्या ठिकाणी मराठीची बाजू सरस आहे. ऋणाचा गुण असा की धनको ते सोडू शकतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात राजा आपल्या चाकराचे प्रचंड ऋण सोडतो, तेव्हा ते दुसऱ्या कोणाकडून वसूल करून घेत नाही. तोटा तो स्वतः सोसतो. क्षमा म्हणजे तोटा नाहीसा होणे नव्हे, तर ज्याचा तोटा झाला त्याने तो आपल्या अंगावर घेणे. क्रूसाविषयी बोलताना हे चित्र पुढे ठेवले तर देव आणि ख्रिस्त हे वसूल करणारा व भरणारा असे दोन पक्ष राहत नाहीत. ख्रिस्तामध्ये देव स्वतः तोटा सोसणारा होतो.

प्रायश्चित्ताच्या सिद्धान्तांचा इतिहास येथे सांगण्याचा हेतू नाही. अँसेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली भरपाईची कल्पना आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी मांडलेली दंडाची कल्पना ह्या एक नव्हेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात शिकवले जाते. वर्गाबाहेर आल्यावर मात्र 'दंड भरला' ह्या एका वाक्यात दोन्ही बुडतात.

३. 'न्याय' : भीतीचा की आनंदाचा?

इंग्रजी 'जजमेंट' ह्या शब्दाला धर्मोपदेशात काळी छटा आली आहे. जजमेंट झाली म्हणजे वाईट झाले. हीच छटा आपण 'न्यायाचा दिवस' ह्या शब्दांवर चढवतो. परंतु मराठी माणूस 'मला न्याय मिळाला' असे म्हणतो तेव्हा तो आनंदाने बोलत असतो. शेताचा बांध कोरला गेलेला शेतकरी, पगार अडकलेला मजूर, टाकून दिलेली स्त्री, ह्या सर्वांना न्याय हवा असतो. न्यायाची भीती असते ती बांध कोरणाऱ्याला. शहाण्णव व अठ्ठ्याण्णव ह्या स्तोत्रांत देव न्याय करण्यास येत आहे म्हणून रानातील झाडे व नद्या हर्ष करतात. तो हर्ष इंग्रजी जजमेंटच्या चौकटीत बसत नाही. मराठी 'न्याय' शब्दात सहज बसतो.

जुन्या करारातील एका पुस्तकाचे नाव ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. इंग्रजीत ते 'जजेस', हिंदीत 'न्यायियों'. मराठीत त्याला 'शास्ते' म्हणतात. गिदोन किंवा दबोरा यांचे मुख्य काम न्यायासनावर बसणे हे नव्हते. पीडित लोकांना सोडवणे आणि त्यांना मार्गावर आणणे हे होते. 'शास्ते' ह्या शब्दात राज्य करणारा, वळण लावणारा आणि प्रसंगी दंड देणारा असा सर्व आशय आहे. मराठी भाषांतरकारांनी येथे इंग्रजीच्या मागे न जाता आपला शब्द शोधला, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. योहानाच्या सोळाव्या अध्यायातही असेच झाले आहे. पवित्र आत्मा जगाला पापाविषयी जे करील त्याला इंग्रजीत 'कन्व्हिक्ट' म्हणतात; मराठीत 'खातरी करील' असे आहे. आपले प्रवचनकार मात्र इंग्रजी ग्रंथ वाचून तेथे 'दोषी ठरवील' असे विवरण करतात. खातरी झालेला मनुष्य स्वतः जागा होतो. दोषी ठरवलेला मनुष्य वकील शोधतो.

'न्याय' शब्दाची कसोटी अलीकडे देशाच्या कायद्यातही लागली आहे. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली मसुदा केलेली, १८६० साली मंजूर झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी मागे पडली, आणि तिच्या जागी २०२३ साली मंजूर झालेली भारतीय न्याय संहिता आली. कलमे ५११ होती, ती ३५८ झाली. नावातील 'दंड' जाऊन 'न्याय' आला, आणि हेतूही दंड देण्याचा नसून न्याय देण्याचा आहे, अशी भूमिका सरकारने मांडली. मजकूर पाहता संहितेच्या चौथ्या कलमात शिक्षेचे सहा प्रकार आहेत : मृत्यू, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, द्रव्यदंड आणि सामुदायिक सेवा. पहिले पाच जुनेच आहेत. सहावा, सामुदायिक सेवेचा, नवा आहे, आणि काही किरकोळ अपराधांपुरताच आहे. नावातील पालट जर कोठे थोडासा आशयात उतरला असेल तर तो येथे.

कायद्याच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. शब्दांपुरते एवढे म्हणता येईल की वरचे नाव बदलल्याने आतील वस्तू आपोआप बदलत नाही. हा धडा आपल्या मंडळीलाही लागू आहे. आपणही 'दंड' काढून 'प्रीती' हे नाव लावतो, आणि शिस्तभंगाच्या प्रसंगी मंडळीची सभा बोलावून पूर्वीच्याच रीतीने माणसाला सर्वांसमक्ष उभे करतो.

शिक्षा ह्या शब्दाचा जुना अर्थ प्रत्यक्षात आणण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. भिंती व बेड्या न ठेवता कैद्यांनी शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, ही तिची रीत. ग. दि. माडगूळकरांची कथा असलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच वसाहतीवरून सुचला. येथे शिक्षेचे ठिकाण शिक्षणाचे ठिकाण झाले. लालबर्ऱ्याच्या मुलीचा प्रश्न स्वतंत्रपुरात विचारला गेला असता तर कोणी हसले नसते.

४. 'राजीनामा' आणि 'समेट'

तंटा मिटवण्याच्या शब्दांतही असाच घोटाळा आहे. गोंदियाकडून लालबर्ऱ्याजवळच्या खेड्यात दिलेल्या एका बहिणीच्या सासरी जमिनीच्या हद्दीवरून भाऊबंदांत मारामारी झाली आणि खटला चालला. काही महिन्यांनी तिने माहेरी कळवले की राजीनामा झाला. भाऊ धावत आला. दाजींनी नोकरी का सोडली, हे त्याला विचारायचे होते. मध्य प्रदेशाच्या न्यायालयांत 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांनी आपसात केलेली तडजोड. शब्दाचा मूळ अर्थही तोच : राजीखुशीचा कागद. मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाच्या व्यवहारात खातेदार राजीखुशीने जमीन सोडल्याचा कागद देई, त्यालाही राजीनामा म्हणत. तेथून मराठीत हा शब्द पद सोडण्याकडे गेला. हिंदीत राजीनाम्याने माणसे जवळ येतात, मराठीत राजीनाम्याने माणूस निघून जातो.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने देवाने जगाशी केलेल्या मेळाविषयी लिहिले आहे. मराठीत त्यासाठी 'समेट' हा सुरेख शब्द आहे. पण उपदेशात समेटाचा अर्थ पुष्कळदा न्यायालयातील राजीनाम्याइतकाच उरतो : दोघांनी थोडे थोडे सोडावे, सही करावी आणि विषय संपवावा. अशा राजीनाम्यात दुर्बळ पक्ष किती राजी होता, हे कागदावर दिसत नाही. मार खाणारी पत्नी पाळकाकडे येते, तेव्हा 'क्षमा करा, समेट करा' असे तिला सांगून परत पाठवले जाते. नवऱ्याने काय करावे याविषयी कोणी बोलत नाही. शास्त्रातील समेटाची रीत ही नव्हे. जक्कयाने प्रथम लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे वचन दिले. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोराने जी भरपाई द्यायची तिचे हिब्रू क्रियापद आणि 'शालोम' म्हणजे शांती, हे एकाच धातूचे आहेत. भरपाईवाचून शांती नाही, असे ती भाषाच सांगते.

आपल्या स्वतःच्या इतिहासातही ह्या विषयावर विचार करण्याजोगी सामग्री आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे निवाडा झाल्यावर जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी' भरी. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथात ह्या पद्धतीची साधार माहिती दिली आहे. गुन्हेगारी म्हणजे तेव्हा भरावयाची रक्कम. आज त्याच शब्दाने आपण गुन्ह्यांच्या जगाला ओळखतो. भरून मोकळे होण्याचा शब्द माणसांच्या एका जातीचे नाव झाला. 'तो गुन्हेगार आहे' असे म्हणताना आपण कृत्याऐवजी माणसालाच नाव देतो, हे उपदेशकाने तरी विसरू नये.

५. एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल की शब्दांचे अर्थ सौम्य करून पापाचे गांभीर्य कमी करण्याचा हा प्रयत्न आहे. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक शिक्षेचा जो शब्द आहे, तो ग्रीकमध्ये 'कोलासिस' आहे. अ‍ॅरिस्टॉटलने भेद केला होता की कोलासिस ही शिक्षा भोगणाऱ्याच्या हितासाठी असते, आणि 'तिमोरिआ' ही देणाऱ्याच्या समाधानासाठी. ह्या भेदावरून काहींनी फार मोठे निष्कर्ष काढले आहेत. परंतु पहिल्या शतकातील ग्रीक बोलीत हा भेद काटेकोरपणे पाळला जात असे असे दिसत नाही, म्हणून केवळ एका शब्दावर आम्ही सिद्धान्त उभारणार नाही. न्यायाच्या दिवसाचे गांभीर्य शास्त्रात आहे, आणि ते राहिले पाहिजे.

पण धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. 'मुसार' मध्ये शिकवण आणि ताडन दोन्ही आहेत असे म्हटले, की छडी मारणारा त्यातून आपल्यास हवे ते घेतो. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, ह्या इब्रीकरांस पत्रातील विचाराचा आधार घेऊन बापांनी मुलांना आणि नवऱ्यांनी बायकांना मारल्याचे आम्ही पाहिले आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. कायद्याला जे कळले ते मंडळीला कळू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. इब्रीकरांचा लेखक छळ सोसणाऱ्यांना धीर देतो आहे. छळ करणाऱ्यांच्या हाती काठी देत नाही. यशयाच्या वचनात तर दिशाच उलटी आहे. तेथे ताडन मुलाच्या वाट्यास आलेले नाही. शिकण्याची गरज आपल्याला होती, आणि फटके सेवकाने सोसले. पिलाताने ज्याला 'शिकवावयाचे' म्हटले तोच गुरू होता. हे ज्याला समजले त्याला शिकवण्यासाठी हात उगारणे अशक्य व्हावे.

६. काही सूचना

१८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८११ मध्ये नवा करार आला. १९२४ मध्ये पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांवरून केलेले भाषांतर प्रसिद्ध झाले. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. ह्या सर्वांनी शब्द जमवण्यासाठी अपार कष्ट घेतले. त्यांनी दिलेले शब्द टाकून नवे घडवावेत, असे आमचे सांगणे नाही. सीमेवरील मंडळीत राहून तीन गोष्टी मात्र आम्हांस सुचतात.

पहिली, उपदेशात 'दंड' हा शब्द आला की श्रोत्याला तो पावतीचा दंड वाटतो हे लक्षात ठेवावे. 'दंड भरला' ह्या वाक्याला काही काळ विश्रांती द्यावी, आणि 'ऋण सोडले' हे प्रार्थनेतील शब्द पुढे आणावेत. दुसरी, 'शिक्षा' शब्द शास्त्रपाठात आला की तेथे थांबून त्याचे दोन्ही अर्थ सांगावेत. लालबर्ऱ्यासारख्या ठिकाणी तर हिंदी अर्थ मुलांच्या ओठांवरच असतो. तीच काळजी इतर शब्दांविषयी घ्यावी : मराठीत 'विधी' म्हणजे संस्कार, हिंदीत 'विधि' म्हणजे कायदा, मोशेच्या ज्या 'तोरा' ला आपण 'नियमशास्त्र' म्हणतो त्याला हिंदी भाषांतर 'व्यवस्था' म्हणते, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पुन्हा शिकवण हाच आहे. तिसरी, 'समेट' सांगण्यापूर्वी भरपाई कोणी करावयाची ते विचारावे.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच वर्गात गेलो आणि त्या मुलीला सांगितले की तिचा प्रश्न बरोबर होता, आमचे उत्तर अपुरे होते. शिक्षा म्हणजे सजा आणि शिक्षा म्हणजे शिकवण, दोन्ही त्या वचनात आहेत. सजा येशूला झाली, आणि शिकवण आपल्याला मिळायची आहे. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग आपण शिकलो का?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते. ते आम्ही वाचकांपुढे ठेवतो.